छातीच्या पट्ट्यावर ठोके उगाच १९०-२०० दाखवतात: सेन्सर गेला की पट्टा?

कंबरतलाव
नमस्कार मंडळी. सायकल चालवताना हृदयाचे ठोके मोजायला दोन टिचबटणांचा छातीचा पट्टा आहे, सेन्सर काढता-घालता येतो. हँडलवर जीपीएस मशीन, जोडणी अँट प्लसवर (ब्लूटूथसारखीच बिनतारी पद्धत). लक्षणं सांगतो.

निघाल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटं आकडा १९० ते २१०, पाय मात्र अगदी हलके चालू असतात. मग आपोआप १३० च्या आसपास येऊन बसतो. तुळजापूरहून परत येताना घाटाचा उतार लागला की पुन्हा १८० च्या वर. चढावर मात्र बरोबर दाखवतो. सेल नवीन टाकला, फरक शून्य. पावसाळ्यात हाच पट्टा व्यवस्थित चालत होता, फेब्रुवारीनंतर हे सुरू झालं. दुकानदार म्हणतो सेन्सरच नवीन घ्या. घेऊ का?

घाटातला_गिअर
अजिबात घेऊ नका. निदान तुमच्याच वर्णनात आहे: सुरुवातीला चूक, घाम आल्यावर बरोबर, उतारावर परत चूक, पावसाळ्यात ठीक. सेन्सर मेलेला असता तर त्याला ऋतू कळले नसते.

पट्ट्याच्या आतल्या बाजूला जे दोन काळे किंवा करडे चट्टे आहेत ते इलेक्ट्रोड. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला कातडीवर साधारण एक-दोन मिलिव्होल्टचा विद्युत झटका उमटतो, तो हे दोन चट्टे पकडतात. कातडी आणि चट्टा यांच्या मध्ये ओल हवीच. कोरडी कातडी वीज नीट जाऊ देत नाही, मग खरा ठोका बारीक होतो आणि बाहेरचा कचरा मोठा होतो. सेन्सर त्या कचऱ्यातलं प्रत्येक टोक ठोका म्हणून मोजतो. तुमचे २१० तिथून येतात.

उतारावरचं कारण वेगळं. वेग वाढला की पॉलिस्टरची जर्सी छातीवर फडफडते, घासून स्थिर वीज तयार होते. दमट हवेत ती लगेच निघून जाते. सोलापूरच्या मार्च ते मेच्या हवेत ती साठून राहते आणि इलेक्ट्रोडजवळ सुटत राहते. शिवाय उतारावर वाऱ्याने घाम वाळतो, म्हणजे दोन्ही गोष्टी एकदम बिघडतात. चढावर वेग कमी आणि घाम भरपूर, म्हणून तिथे आकडा बरोबर.

आता हे करून बघा, एका वेळी एकच बदल:

१. निघण्याआधी दोन्ही इलेक्ट्रोड साध्या पाण्याने नीट भिजवा. बोट फिरवून ओले करणं पुरत नाही, नळाखाली धरा. छातीवरची ती जागाही ओली करा. पट्टा बांधून पाच मिनिटं थांबा आणि मगच निघा.
२. उतारावर जर्सीची चेन गळ्यापर्यंत लावा. आकडा सुधारला तर दोष जर्सीचा.
३. तरीही उडी मारत असेल तर जर्सीचा छातीचा भाग बाटलीतल्या पाण्याने ओला करा. उन्हाळ्यात तसंही बरं वाटतं.

कायमचा उपाय म्हणजे आत अंगाला घट्ट बसणारा बनियन. फडफडच बंद होते.

इसीजी_तंत्रज्ञ
वरच्या उत्तराला जोडून. पाणी हा तात्पुरता इलाज, आपल्याकडच्या उन्हाळ्यात पहाटे साडेपाचलासुद्धा ते दहा मिनिटांत उडून जातं. इसीजी किंवा सोनोग्राफीला वापरतात ती जेली आणा. कोणत्याही मोठ्या मेडिकलमध्ये २५० मिलीची बाटली मिळते, अख्खा उन्हाळा पुरते. प्रत्येक इलेक्ट्रोडवर हरभऱ्याएवढी, पसरवून. दोन इलेक्ट्रोडच्या मधल्या कोऱ्या भागावर जेली जाऊ देऊ नका. तिथे ओलीचा पूल झाला की दोन्हीकडची वीज आपापसातच मिटते आणि सेन्सरला काहीच मिळत नाही.

व्हॅसलीन चालणार नाही. ते तेलकट आहे, वीज अडवतं. घासू नये म्हणून पट्ट्याच्या कडेला लावत असाल तर इलेक्ट्रोडपासून लांब ठेवा.

आणि हे आपल्या गावाला फार लागू आहे: घामोळ्याची पावडर. उन्हाळ्यात आंघोळ झाली की छाती-पाठीवर पावडर मारायची सवय घरोघरी असते. ती पावडर घाम शोषते आणि कातडी कोरडी ठेवते, म्हणजे पट्ट्याला नको नेमकं तेच करते. खोबरेल तेल आणि सनस्क्रीनचंही तसंच. पट्ट्याखालची चार बोटं रुंद जागा साबणाने धुऊन कोरी ठेवा, बाकी अंगावर काय लावायचं ते लावा.

छातीवर दाट केस असतील तर इलेक्ट्रोड केसांवर तरंगतो, कातडीला टेकतच नाही. जेली थोडी जास्त लावा किंवा तेवढ्या दोन जागा मशीनने बारीक करा.

पहाटे_पाच
पट्टा किती घट्ट बांधायचा हे कुणीच सांगितलं नाही अजून. पूर्ण श्वास सोडा, खाली वाका, हात हँडलच्या खालच्या भागावर धरल्यासारखी स्थिती घ्या. तशा स्थितीत पट्टा सरकला तर सैल आहे. सरळ उभं राहून बांधला आणि घट्ट वाटला याला काही अर्थ नाही, सायकलवर छातीचा घेर बदलतो. पट्ट्याखाली दोन बोटं जेमतेम जावीत.

मुलींसाठी: स्पोर्ट्स ब्राच्या खालच्या पट्टीच्या लगेच खाली सेन्सरचा पट्टा यावा, पट्टीवर चढलेला नको आणि तिच्याखाली अर्धा दडपलेलाही नको. दोन्ही पट्ट्या एकमेकींवर घासल्या की पुन्हा तीच स्थिर वीज. ब्राची पट्टी रुंद असेल तर इलेक्ट्रोड तिच्या आत पूर्ण झाकला जाईल असं बसवून बघा, तेही चालतं. अर्धवट नको एवढंच.

कंबरतलाव
जेली आणली, पावडर बंद केली. सुरुवातीचे २०० गेले. उतारावर चेन लावल्यावर बराच फरक आहे. पण आता एक नवीन दिसलं. अधूनमधून आकडा बरोबर दुप्पट होतो. ८५ ला १७०. सिग्नलला थांबलो की जास्त.

इसीजी_तंत्रज्ञ
नेमका दुप्पट असेल तर ते वेगळं प्रकरण आहे. इसीजीत प्रत्येक ठोक्याला एक उंच टोकदार लाट येते आणि तिच्या मागे एक बसकी लाट, तिला टी-लाट म्हणतात. सेन्सरने उंच लाटच मोजायची असते. काही जणांची टी-लाट पट्ट्याच्या त्या विशिष्ट जागी बरीच मोठी दिसते, मग एका ठोक्याचे दोन मोजले जातात.

याला जागा बदलणं हाच उपाय. पट्टा दोन-तीन सेंटीमीटर डावीकडे सरकवा. नाही जमलं तर पट्टा उलटा करून बांधा, म्हणजे सेन्सरवरची अक्षरं उलटी दिसतील. त्याने डावा-उजवा इलेक्ट्रोड बदलतो आणि लाटेची दिशा उलटते. तेही नाही जमलं तर सेन्सर डाव्या बगलेखाली घ्या. प्रत्येक जागी दोन मिनिटं शांत बसून बघा.

मात्र त्याआधी एक गोष्ट करा. आकडा १७० दाखवत असताना मानेच्या बाजूला बोटं ठेवून १५ सेकंद नाडी मोजा, चारने गुणा. ८५ आली तर पट्ट्याचा दोष, बिनधास्त जागा बदलत बसा. बोटांनाही १७० लागली आणि तुम्ही सिग्नलला नुसते उभे आहात, तर तो पट्ट्याचा प्रश्न नाही. सायकल बाजूला लावा आणि डॉक्टरांना दाखवा. सोबत चक्कर, छातीत धडधड किंवा दम लागत असेल तर त्याच दिवशी. पेसमेकर बसवलेल्यांनी असले पट्टे डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नयेत.

होटगी_रोड
माझा प्रश्न याच धाग्यात विचारतो. होटगीकडून फताटेवाडीच्या बाजूला गेलं की उच्चदाबाच्या तारांखाली आकडा वेडावाकडा होतो. पुढे गेलं की ठीक. हा सेन्सरचा दोष की तारांचा?

मल्टिमीटर_अण्णा
थोडा तारांचा, बराचसा कोरड्या इलेक्ट्रोडचा. तुमच्या त्या भागात एनटीपीसीचा १३२० मेगावॉटचा वीजप्रकल्प आहे, तारांचं जाळं दाट असणारच. त्या तारांभोवतीचं ५० हर्ट्झचं क्षेत्र आपल्या अंगावरही उमटतं. दोन्ही इलेक्ट्रोड सारखेच चांगले टेकलेले असतील तर दोन्हीकडे ते सारखंच येतं आणि सेन्सर ते वजा करून टाकतो. एक ओला आणि एक कोरडा असेल तर वजाबाकी जुळत नाही, उरलेला गोंगाट ठोका म्हणून मोजला जातो. जेली लावून त्याच जागी जा, बहुतेक प्रश्न उरणार नाही.

फार जुना सेन्सर असेल तर गोष्ट वेगळी. पूर्वीचे सेन्सर ५ किलोहर्ट्झच्या चुंबकी संदेशावर चालायचे, ते तारांखाली हमखास गोंधळायचे. हल्लीचे अँट प्लस आणि ब्लूटूथ दोन्ही २.४ गिगाहर्ट्झवर आहेत, तारांचा त्या जोडणीवर सहसा परिणाम होत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे, सेन्सर गेला की पट्टा. अंदाज करत बसू नका, याला चाचणी आहे.

सेन्सर पट्ट्यावरून काढा. दोन्ही हातांचे अंगठे ओले करा. मागच्या दोन बटणांवर एकेक अंगठा दाबून शांत बसा, हात मांडीवर टेकलेले. डावा अंगठा एका बटणावर, उजवा दुसऱ्यावर. अर्ध्या मिनिटात मशीनवर तुमचा खरा आकडा आला तर सेन्सर ठणठणीत आहे आणि दोष पट्ट्याचा. हात हलवू नका, स्नायूंची वीजही मध्ये येते.

पट्ट्यासाठी मल्टिमीटर. ओहमवर, म्हणजे विजेला होणारा अडथळा मोजायच्या खुणेवर ठेवा, पट्टा पूर्ण कोरडा हवा. एक टोक टिचबटणाला, दुसरं त्याच बाजूच्या इलेक्ट्रोडला. कापडी इलेक्ट्रोडला साधारणपणे थोडेच ओहम येतात, रबरी असेल तर बरेच जास्त येऊ शकतात. म्हणून आकड्यापेक्षा तुलना बघा: डावीकडे आणि उजवीकडे साधारण सारखं यायला हवं. मग पट्टा बटणापाशी हळू वाकवत राहा. वाकवल्यावर आकडा उडत असेल किंवा मध्येच जोड तुटत असेल तर आतला वाहक धागा तुटलेला आहे. तो शिवून जोडता येत नाही, पट्टा बदला. शेवटी डाव्या इलेक्ट्रोडपासून उजव्यापर्यंत मोजा, तिथे जोड नसतो, म्हणून काहीच यायला नको. कोरड्या पट्ट्यात तिथेही ओहम दाखवत असेल तर मिठाचा थर साचलाय, आधी धुऊन बघा.

होटगी_रोड
अण्णा, सेलचं काय? सगळीकडे पहिलं उत्तर "सेल बदला" असंच येतं.

मल्टिमीटर_अण्णा
सेल संपत आला की सहसा आकडा गायबच होतो, त्याच्या जागी रेषा येतात, जोडणी तुटते. चढा आकडा दाखवणं हे सेलचं लक्षण कमी आणि कातडीचं जास्त. पण सेलमध्ये चार गोष्टी बिघडतात त्या बघून घ्या.

पहिली, सेलचा नंबर. सीआर२०३२ म्हणजे २० मिमी व्यासाचा, ३.२ मिमी जाड. सीआर२०२५ तेवढ्याच व्यासाचा, पण २.५ मिमी. पोलार एच१० या सेन्सरला २०२५ लागतो, गार्मिनच्या एचआरएम-ड्युअल सेन्सरला २०३२. पातळ सेल जाड जागेत टाकला की खडखड करत हलतो आणि खड्ड्यांवर बंद-चालू होतो. कागदाच्या घड्या घालून बसवू नका, योग्य सेल आणा.

दुसरी, व्होल्टेज. नवा सेल मोकळा मोजला की ३ व्होल्टच्या वर दाखवतो. २.८ च्या खाली असेल तर बदला. सुट्टा, पाकिटाबाहेरचा सेल घेऊ नका. पाकिटावर वापराची शेवटची तारीख बघूनच घ्या.

तिसरी, कडू लेप. लहान मुलांनी गिळू नये म्हणून काही सेलवर कडू पदार्थाचा लेप असतो. काही उपकरणांत तो लेप नेमका संपर्काच्या जागी येतो आणि नवा सेल टाकूनही सेन्सर मेल्यासारखा वाटतो. स्पिरिटच्या बोळ्याने सेल पुसून वाळवा आणि परत टाका. वापरलेले सेल मात्र चिकटपट्टी लावून मुलांच्या हाताबाहेर ठेवा, गिळला गेला तर अन्ननलिका जाळतो.

चौथी, झाकणाचं रबरी कडं. सेल बदलताना ते चिमटलं किंवा निसटलं की पुढच्याच घामात आत पाणी जातं. झाकण लावण्याआधी कडं खोबणीत सगळीकडे बसलंय का ते नखाने फिरवून बघा. चार स्क्रूंचं झाकण असेल तर समोरासमोरचे थोडे थोडे आवळा.

आणि सेल काढलाच आहे तर मिनिटभर बाहेर राहू द्या. आत साठलेली वीज उतरते, सेन्सर नव्याने सुरू होतो, बरेचसे अडकलेले सेन्सर एवढ्यावरच सुटतात.

पहाटे_पाच
सेल दोन-तीन महिन्यांतच संपतो अशीही तक्रार असते. त्याचं कारण बहुतेक वेळा एकच: सेन्सर ओल्या पट्ट्यावर तसाच लावून पिशवीत टाकलेला. पट्ट्यातल्या ओलीमुळे सेन्सरला वाटतं माणसाच्या अंगावर आहे, तो रात्रभर जागा राहतो. घरी आल्यावर पहिलं काम, दोन्ही बटणं काढून सेन्सर वेगळा करणं. त्याची मागची बाजू पुसा, बटणांच्या मधली जागा विशेष. तिथे सुकलेला घाम हा दोन बटणांमधला पूलच असतो.

होटगी_रोड
हे कळलं. आता दुसरं. फोनवरच्या अ‍ॅपमध्ये सेन्सर दिसतो, तेव्हा सायकलच्या मशीनवर दिसत नाही. कधी उलट.

घाटातला_गिअर
ब्लूटूथवर बरेच सेन्सर एका वेळी एकालाच जोडले जातात. पोलार एच१० सारखे काही दोघांना देतात. फोनमधलं अ‍ॅप मागे उघडं राहिलं की ते जोडणी पकडून बसतं, मशीनला वाट मोकळी राहत नाही. मशीन अँट प्लसवर जोडा. ते आकाशवाणीसारखं आहे, कितीही यंत्रांनी ऐकलं तरी चालतं. ब्लूटूथ फोनसाठी मोकळं राहील.

जोडताना तीन गोष्टी. फोनच्या सेटिंगमधल्या ब्लूटूथ यादीतून सेन्सर जोडू नका, थेट अ‍ॅपमधूनच जोडा. यादीत आधीच असेल तर काढून टाका. मशीनमध्ये एकच पट्टा अँट प्लस आणि ब्लूटूथ अशा दोन नावांनी साठवला असेल तर ब्लूटूथवाली नोंद पुसा, नाहीतर मशीन मध्येच एकावरून दुसऱ्यावर उडी मारतं. आणि पहिली जोडणी घरी, एकट्याने करा. मोठ्या राइडच्या सुरुवातीला पन्नास पट्टे एकत्र असतात, तिथे शोध लावला की दुसऱ्याचा पट्टा जोडला जातो आणि दिवसभर त्याचे ठोके नोंदले जातात.

फोन जर्सीच्या मागच्या खिशात ठेवत असाल तर संपर्क तुटणारच. २.४ गिगाहर्ट्झचा संदेश शरीरातल्या पाण्यात शोषला जातो. फोन हँडलवर घ्या.

आलेख बघताना हा भेद लक्षात ठेवा. मध्ये रिकामी जागा किंवा बराच वेळ एकच आकडा असेल तर संदेश तुटतोय, म्हणजे सेल, अंतर, जोडणी बघा. आलेख काट्यांसारखा वर-खाली असेल तर संदेश पोचतोय पण मोजणीच चुकतेय, म्हणजे कातडी, पट्टा, जर्सी बघा.

कंबरतलाव
अंगठ्याची चाचणी केली, सेन्सर चांगला आहे. पट्टा डावीकडे सरकवल्यावर दुप्पट होणं बंद. मल्टिमीटरवर मात्र उजवीकडे वाकवल्यावर जोड तुटतोय. म्हणजे फक्त पट्टा बदलायचा. अजून एक शंका, तासाभरानंतर त्याच वेगाला ठोके दहा-बारा जास्त दिसतात. हेही तुटलेल्या पट्ट्यामुळेच?

इसीजी_तंत्रज्ञ
हळूहळू चढत गेलेत की एकदम? हळूहळू असेल तर तो आकडा खरा आहे. उन्हात घामावाटे पाणी जातं, रक्ताचं प्रमाण घटतं, एका ठोक्याला कमी रक्त ढकललं जातं, म्हणून हृदय ठोके वाढवतं. शिवाय अंग गार ठेवायला बरंच रक्त कातडीकडे वळतं. आपल्याकडच्या ४० अंशांच्या पुढच्या दिवसांत त्याच जोराला दहा-पंधरा ठोके सहज वाढतात. त्याला पट्टा बदलून उपयोग नाही. पाणी, मीठ आणि लवकर निघणं. ठोक्यांवर सराव करणाऱ्यांनी मे महिन्यात ठोक्यांचा तोच पल्ला धरून ठेवू नये, दमाचा अंदाज घेऊन वेग कमी करावा.

पहाटे_पाच
नवा पट्टा आणाल तेव्हा धुण्याचं आधीच ठरवून घ्या, नाहीतर तोही असाच जाईल. दर राइडनंतर सेन्सर काढून पट्टा कोमट पाण्यात खळबळून काढायचा. आठवड्यातून एकदा सौम्य साबणाचे दोन-तीन थेंब, पाणी ४० अंशांपेक्षा गरम नको. पिळायचा नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचा. वाळत घालायचा सावलीत, आडवा. आपल्या उन्हात दोरीवर टाकला की रबर कडक होतं आणि पट्टा ताणलेलाच राहतो. कपडे मऊ करणारं द्रव आणि ब्लीच अजिबात नको, इलेक्ट्रोडवर थर बसतो. जर्सीलाही ते द्रव नको, घाम शोषणं कमी होतं.

बोअरचं पाणी असेल तर शेवटचं पाणी फिल्टरचं वापरा. क्षार सुकून इलेक्ट्रोडवर पांढरी झाक येते आणि कातडीशी संपर्क कमी होतो.

होटगी_रोड
ती पांढरी झाक लिंबाने जाते का? भांड्यांची तर जाते.

मल्टिमीटर_अण्णा
नको. इलेक्ट्रोडवरचा वाहक लेप फार पातळ असतो, त्याला आम्ल लावू नका. मऊ दातब्रश आणि कोमट फिल्टरचं पाणी, दोन-तीनदा. टिचबटणांवर हिरवट थर आला असेल तर तोही त्याच ब्रशने. बटण सैल झालं असेल तर पकडीने अगदी हलकं दाबा, एकदाच. फटकन आवाज होऊन बसायला हवं.

कंबरतलाव, पट्टा मागवण्याआधी दोन बटणांमधलं अंतर एका बटणाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत मिलिमीटरमध्ये मोजा, आणि बटणाचा व्यासही. सगळ्या कंपन्यांचं सारखं नसतं. विक्रेत्याला ते दोन आकडे विचारूनच पैसे भरा.

कंबरतलाव
मोजून इथेच टाकतो संध्याकाळी. कुणाकडे त्याच मापाचा जास्तीचा पट्टा असेल तर सांगा, सात रस्त्याला येऊन घेऊन जाईन.